नुसते बसा

"बाईच ठेवायची होती, तर मी नोकरी कशाला सोडली?"

त्याच्या हातातला मऊ भाताचा चमचा तिच्या तोंडापाशी थबकला. घास गिळायलाच तिला वेळ लागायचा.

अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तो वीजखात्यात वायरमन होता. फटकळ, खांबावर सरसर चढणारा, पण घरात पाण्याचा पेलाही हातानं न घेणारा. तिनं अंथरूण धरलं आणि हाच माणूस पदर खोचल्यासारखा कामाला लागला. आंघोळ, वेणी, कूस बदलणं, काही म्हणून राहू द्यायचा नाही. नणंद आली की डोळे पुसायची. "वहिनी, नशीब काढलंस! आमच्या बाबांनी आईला तापातसुद्धा कधी पाणी विचारलं नाही. दादा म्हणजे देवमाणूस!"

ती मान हलवायची. देवमाणसाची तक्रार करायची तरी कुणाकडे?

देवमाणूस बोलत नव्हता. "आ कर." "वळ." "झालं." एवढंच. मग चादरी, मग भांडी, मग औषधं. एरवी साहेबाच्या नकला करून तिला हसवणारा, भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा तो नवरा कुठे गेला होता कोण जाणे. दिवसभर तो तिच्या अंगाशी असायचा आणि तिला दिवस खायला उठायचा.

"माझं काही चुकतं का?" त्यानं हळूच विचारलं.

"चुकत नाही हो." तिची जीभ अजून जड होती. "आंघोळ बाई घालेल. तुम्ही बसा. नुसते."

सोमवारी बाई आली. ती काम करत होती तोवर तो गॅलरीत उभा राहिला, बाहेर काढल्यासारखा. बाई गेली. करायला काहीच उरलं नाही. त्यानं पडदा सारखा केला, टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. शेवटी खुर्ची ओढून बसला. एखाद्या पाहुण्यासारखा.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू?" त्याचा आवाज चिरकला. "रोज सकाळी तुला हाक मारायचा धीर होत नाही. तू ओ दिली नाहीस तर? आधी हात चाचपतो. गरम लागला की उठतो, कामाला लागतो. थांबलो की नको नको ते मनात येतं. आयुष्यभर विजेच्या तारांत हात घातला गं, कधी एवढा भ्यायलो नव्हतो..."

गादीच्या कडेवर त्यानं डोकं टेकलं. त्याचे खांदे हलू लागले.

तिनं उजवा हात उचलला आणि त्याच्या केसांवर ठेवला.

"रडा," ती म्हणाली. "मी आहे."

बराच वेळ ती त्याला थोपटत राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला कुणाचं तरी काही करायला मिळालं होतं.