उरलेले स्क्रू

"पप्पा, तुमची गाडी एवढी खडखडते काहून?"

'हिंमत असन तर विचार,' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून क्षमानं विचारून टाकलं. ड्यूटीवरून दमून आलेल्या पप्पांनी डोळे न उघडताच खिडकीतल्या डब्याकडे बोट केलं. "अवं, दर वेळी खोलली का जोडताना दोन-चार स्क्रू उरतेच."

रविवारी क्षमानं स्वतःच मोटारसायकल खोलली. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंच्या पॅनेलचं चित्र काढलं आणि निघाला तो स्क्रू त्याच्याच जागी टोचून ठेवला. चित्रातल्या रिकाम्या जागा डब्यातल्या स्क्रूंनी भरल्या. जोडून झाल्यावर एकही उरला नाही.

सोमवारी गाडी शाळेच्या फाटकाशी मांजरीच्या पावलांनी थांबली. मैत्रिणींना ती आल्याचं कळलंच नाही.

संध्याकाळी पप्पा येऊन खुर्चीत टेकले. डोळे मिटून बराच वेळ बसले, पण चहाच येईना.

आई आतून आली आणि त्यांना पाहून दचकली. "तुम्ही कधी आले? बुढापारा मोहल्ल्याच्या वळणावर गाडीची खडखड ऐकली का मी चहा मांडते. आज तर आवाजच नाही."

क्षमानं पेचकस उचलला.

"आई, पप्पा, मी ठरवलं. दोन स्क्रू डब्यातच राहतीन."