बिनशेपटीचा सिंह

पारखी असा होता, की गिऱ्हाइकाच्या खिशात नाणं नुसतं वाजलं तरी खरं की खोटं ते दारातूनच सांगायचा. राजाचं नावही सांगायचा. राजाच्या सासऱ्याचंसुद्धा, पण त्याचे पैसे वेगळे.

त्या दुपारी त्याच्यासमोर तीन भावंडं बसली होती आणि मधे त्यांच्या वारलेल्या वडिलांची पेटी. मखमलीच्या खळग्यांतून जुनी नाणी मांडलेली. एक खळगा रिकामा.

"सिंह कुठाय?" पारख्याने विचारलं.

सिंह म्हणजे त्या घरातलं चौथं भावंडच. शेकडो वर्षांपूर्वी टांकसाळीत कुणाचा तरी हातोडा तिरका पडला, म्हणून सिंहाची शेपूट नाण्याबाहेर राहिली आणि पुढच्या पंज्यापाशी काठाला चीर गेली. बाबा म्हणायचे, असं दुसरं होणे नाही.

"मला विचारू नका. पेटीची किल्ली दादाकडे," धाकटा म्हणाला.

"चोर म्हणतोस मला?" थोरल्याने आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली. आत सिंह. "बाबांनी स्वतःच्या हाताने दिलाय. म्हणाले, माझ्या माघारी हा जपणारा तू एकटाच. बाकीच्यांना..."

"...बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल त्यांना." वाक्य धाकट्याने पुरं केलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने पाकिटातून दुसरा सिंह काढून पहिल्याशेजारी ठेवला.

पारख्याने भिंग लावलं, ते आपलं रीत म्हणून. या सिंहालाही शेपूट नव्हती. चीर त्याच पंज्यापाशी, केसभर इकडेतिकडे नाही.

"हातोड्याखाली जुळी जन्मत नाहीत," तो म्हणाला. "तीच चूक दोनदा दिसली, की समजायचं साच्यातला माल. हलका धातू, वर चांदीचं पाणी."

"म्हणजे याचा खोटा," थोरला म्हणाला.

"दोन्ही."

थोरला कसंनुसं हसला. "म्हातारा भारीच नाटक्या निघाला."

"बाबांना म्हातारा म्हणू नकोस."

"तू तुझा सिंह उचल आणि गप बस."

पारख्याने भिंग पुसलं. "साचा काढायला अस्सल नाणं लागतं. ते कुठंतरी असणार."

दोघे भाऊ एकदमच बहिणीकडे वळले. शेवटची वर्षं बाबांचं हगणंमुतणं तिनेच काढलं होतं, हे दोघांना एकाच वेळी आठवलं. एरवी त्यांचं कशावर एकमत होत नसे.

"तुमच्याकडे असला तर दाखवा, ताई," पारखी म्हणाला. "लगेच सांगतो, अस्सल की साच्यातला."

"मला कशाला देतील?" ती म्हणाली. "मी तर रोज समोरच होते."

ती उठली. पर्समध्ये हात घातला. अंगठ्याला पंज्यापाशीची चीर लागली, तशी तिने मूठ घट्ट आवळली आणि पूर्ण जिना उतरेपर्यंत सैल केली नाही. किल्ल्यांना लागून तो वाजला असता, तर वरून पारख्याने सांगून टाकलं असतं.