पाचवा हिस्सा

“हात लावू नका माझ्या लेकीला.”

बाजूच्या खोलीतून आवाज आला, तसा डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं. ते उठून आत गेले.

स्टुलावर शिंपीण बसली होती. मापाची फीत अजून गळ्यातच, म्हणजे मशीनवरून उठून तशीच आलेली. अर्ध्या वस्तीचे गणवेश तिच्या हातचे. कुशीत तान्ही मुलगी. मुलीच्या उघड्या मांडीवर आईने पंजा घट्ट दाबून धरलेला. समोर लशीची कुपी घेऊन सिस्टर अवघडून उभी.

“काय झालं?”

“डॉक्टर, या म्हणतायत, यांना जो डोस आलाय तो—”

“कळलं.” डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं.

त्यांना सगळं पाठ झालं होतं. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतलं एक मूल तापाने फणफणलं आणि ताप उतरला तेव्हा त्याचा एक पाय लुळा पडला होता. तेव्हापासून पोलिओच्या लशीसाठी नुसती झुंबड. दवाखान्याचा साठा बघता बघता संपला. उरल्या त्या फक्त अभ्यासासाठी आलेल्या कुप्या. अभ्यासात नाव असलेल्या निम्म्या मुलांना पूर्ण डोस, निम्म्यांना पाचवा हिस्सा. कोणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार. पाचवा हिस्सा आला की आईबाप असे काही बघायचे, जणू डॉक्टरांनीच भर रस्त्यात त्यांचा खिसा कापला.

“अहो बाई, नाव घालताना सगळं समजावलं होतं ना?”

“समजावलं होतं. आता पटत नाही. चिठ्ठी बदला.”

“मी मर्जीने वाटायला लागलो तर अभ्यासाला अर्थ काय उरला?”

“अभ्यास तुमचा. लेक माझी.”

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. आवाज चढवायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“हे बघा, पाचवा हिस्सा म्हणजे पाणी घातलेली लस नव्हे. लस तीच. पूर्ण डोस खोल मांसात जातो. हा दंडाच्या कातडीतच द्यायचा. कातडीत शरीराचे पहारेकरी दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांना चोराचं तोंड ओळखायला थोडी लस पुरते.”

“तोकड्या कापडात बेतलेला सदरा लवकर उसवतो, डॉक्टर. हे उसवलं तर?”

“म्हणून तर दोनदा द्यायचा. काही आठवड्यांनी परत यायचं.”

“परत येईन. दोनदा दिला की टिकतो?”

“आजवर बघितलं तिथे बहुतेक मुलांच्या रक्तात ताकद आलेली दिसली. इथे तेच पुन्हा ताडून बघतोय.”

“बहुतेक नको. तुमची सख्खी नात असती तर दिला असतात?”

ठरवलेलं सगळं हवेत विरलं. डॉक्टर ताडकन उठले. “दिला असता! डोळे मिटून! याच खोलीत!”

“नुसतं सिस्टरसमोर बोलताय. उद्या फिरवाल शब्द.”

“चारचौघांत सांगतो! फिरवणारा माणूस वाटलो का तुम्हाला?”

“डॉक्टर, एकदा हिची चिठ्ठी तरी—” सिस्टर पुटपुटली.

“थांबा हो तुम्ही!”

शिंपीण हलली नाही. तिच्या नजरेत ना विनवणी ना भीती. अशा नजरेपुढे डॉक्टरांची फार वेळ डाळ शिजत नसे. मुलगी मजेत फितीचं टोक चोखत होती. तिच्याकडे बघता बघता त्यांचा राग उतरला. या बाईचं तरी काय चुकलं? मागच्या गल्लीतला तो पाय सगळ्यांनीच पाहिला होता.

“ठीक आहे,” ते दमून म्हणाले. “अभ्यासातून बाहेर पडायचा हक्क आहे तुम्हाला. नाव काढा. मी तिला पूर्ण डोस टोचतो. झालं समाधान?”

“नाही.”

“आता आणखी काय?”

सिस्टरला राहवेना. “डॉक्टर, तिला पूर्ण डोसच आलाय. मघापासून तेच तर सांगतेय मी.”

डॉक्टर गर्रकन शिंपिणीकडे वळले.

“मग इतका वेळ माझं डोकं कशासाठी खाल्लंत?”

“पाचव्या हिश्श्यासाठी,” शिंपीण म्हणाली. “बाकीच्या चार हिश्श्यांचे धनी बाहेर जिन्यावर बसलेत, आपापल्या आयांच्या कडेवर.”