मितेशची गाडी

प्रफुल्लने आधी लाल ट्रेलर दाखवला. गिऱ्हाईक बाई असली की रंग आधी आणि लोखंड मागून, असा बोईसरच्या त्या ट्रेलर विकणाऱ्या शेडचा रिवाज असावा. जागृतीने रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली वाकून चाकं बघायला लागली.

तिचे बाबा, रामनाथ, दाराशीच थांबले होते. दांडीहून ते आले होते तेच मुळी मोडता घालायला.

"तुज्या गॅरेजला हाच बरा," प्रफुल्ल म्हणाला. "हलका हाय. बंद गाडीची पुढची चाकं वर घ्यायची, मागची रस्त्यावर फिरत येतात."

"मागची जाम हायेत."

"मग जराशी घासत येईल. भंगारच ना?"

जागृती ताडकन उठली. "माज्या भावाची गाडी हाय. घासत नाय आणायची."

प्रफुल्ल वरमला. मितेश चिल्हार फाट्याजवळ अपघातात गेला, हे त्यालाही ठाऊक होतं. गाडी तेव्हापासून पोलीस चौकीमागच्या गवतात पडून होती. हायवेवरच्या बंद गाड्या उचलायचं काम भावाबहिणीने मिळून ठरवलं होतं. आता गॅरेजात ती एकटी उरली, पण काम तिने सोडलं नव्हतं. पहिली गाडी कुठली उचलायची, हेही तिने आता ठरवलं होतं.

कोपऱ्यात एक बिनरंगाचा ट्रेलर उभा होता. चार चाकांचा, बुटका, अख्खी गाडी पोटात घेईल एवढा लांब. पुढे गाडी ओढून घ्यायला विंच. "हा," ती म्हणाली.

"जागृते," रामनाथ दारातूनच बोलले, "ज्या गाडीनं पोरगा नेला, ती माज्या दारात नको. तितंच देऊन टाक कुनाला."

तिला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून तिने विचारलं, "काका ज्या होडीत बुडून गेले, ती तुमी सातपाटीला टाकून आलात का?"

होडी फुटली तरी तिची फळी परक्या किनाऱ्यावर चुलीत जाऊ द्यायची नाही, हे तिला रामनाथांनीच सांगितलं होतं. सख्ख्या भावाच्या होडीची फळीन् फळी त्यांनी बैलगाडीत घालून दांडीला आणली होती.

रामनाथ आत आले. ट्रेलरवरचा गाडी बांधायचा पट्टा त्यांनी मुठीला गुंडाळला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. पट्टा हलला नाही.

"गाडी जरा पुढं घे," ते म्हणाले. "होडीत भार मागं गेला का पुढची नाळ वर उचलते."

"घेते, बाबा."

रामनाथांनी पट्टा सोडला, हात धोतराला पुसले.

"आईला फोन लाव. अंगनातली जाळी उचलून ठेव म्हनावं. जागा लागेल."