चर्चच्या वेळेचं पाणी

"प्रार्थना सुरू झाली की अख्ख्या गावाचे नळ बंद," मार्युन म्हणाली. "तेव्हा बघ. पाणी दिसलं, तर ते जमिनीतलं."

पाइप तपासायला राजधानीहून आलेला बिर्गार मॅनहोलमध्ये उतरला होता. सोबत आणलेला फ्ल्यूम त्यानं सांडपाण्याच्या पाइपात बसवला. मुळात हे माप उघड्या पाटासाठी. मधे आवळलेलं, म्हणजे पाणी तिथे अडून चढतं, आणि किती चढलं त्यावरून किती वाहतंय ते कळतं. पाइपात बसावं म्हणून त्याचं बूड गोल केलं होतं.

हा पाइप मार्युननंच गावाच्या गळी उतरवला होता. त्यात झऱ्याचं पाणी शिरत असेल, तर सगळी वरची गल्ली पुन्हा खणायची. फेरो बेटांवरल्या त्या टीचभर गावात मग जन्मभर टोमणे खायचे.

"तुम्ही नाही गेलात चर्चला?" बिर्गारनं खालून विचारलं.

"आज हानुसला निरोप देतायत. माझ्या धाकट्या भावाला. महिना झाला त्याची बोट समुद्रात बेपत्ता होऊन. पण प्रेत पाहिल्याशिवाय मी कुणाला निरोप देत नाही. गाव म्हणतं, म्हातारीचं डोकं फिरलंय."

बिर्गार पुन्हा फ्ल्यूमवर वाकला.

हानुसचं घर वरच्या गल्लीतच, याच पाइपावर होतं, पाद्र्याच्या आणि मास्तरांच्या घराशेजारी. महिनाभर बंद. समुद्रावरून आला की तो आधी गरम पाण्याच्या टबात शिरायचा, मग माणसांत. खारट अंगानं तो आईलाही कधी भेटला नव्हता. त्याच्या त्या डांबराच्या साबणाचा वास घरभर पसरायचा आणि मार्युन नाक धरून त्याला शिव्या घालायची. गावात तो साबण दुसरं कुणी घरात घेत नसे.

घंटा थांबली. चर्चमधून गाण्याचे सूर येऊ लागले.

"ताई," बिर्गार म्हणाला, "पाणी चढतंय."

मार्युन मॅनहोलवर ओणवी झाली. "थेंबभर?"

"छे! चांगलं वाहतंय."

"मेले मी. आता गाव मलाच कुदळ देऊन खणायला बसवणार."

"थांबा जरा." त्यानं हातमोजा काढला. "अहो, हे तर कोमट आहे! जमिनीतलं पाणी हात गोठवतं. पाइप ठणठणीत आहे तुमचा. कुणीतरी मजेत अंघोळ करतंय."

मार्युनचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच गवतावर बसली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"मास्तरच! दुसरं कोण? प्रार्थनेला दांडी मारून टबात डुंबतोय मेला. भेटू दे, बघतेच त्याला!"

बिर्गारनं बोटं नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"तुमचे मास्तर डांबराचा साबण लावतात?"