गेटपर्यंत गेलेली रांगोळी

वसुबारसेच्या सकाळी उंबऱ्याशी सुरू झालेली केतकीची रांगोळी जिना उतरून सोसायटीच्या गेटपर्यंत पोचली, तरी तिचे हात थांबेनात. परवापासून ती झोपली नव्हती, धड जेवलीही नव्हती. तोंड मात्र अखंड चालू होतं. उद्या अख्खा रस्ता रंगवायचा, परवा सगळं शहर!

शेजारी कौतुकानं फोटो काढत होते. आत्या मुठीत मीठमोहऱ्या घेऊन खाली आली. "नजर लागेल गं पोरीला. दृष्ट काढते."

"राहू द्या, वन्सं," केतकीची आई म्हणाली. "माझ्या भावाचीही आम्ही दृष्टच काढत बसलो होतो."

त्या दिवाळीत भावानं एकट्यानं गल्लीभर आकाशकंदील लावले होते. संक्रांतीला तो अंथरुणातून उठेना. होळी त्यानं पाहिलीच नाही.

आईनं खाली बसून केतकीचं मनगट धरलं.

"सोड ना आई, थोडंच राहिलंय!"

"मामाही हेच म्हणायचा."

केतकीच्या चिमटीतला रंग सांडला. "मग त्याचा हात कुणी धरला?"

"कुणीच नाही," आई म्हणाली आणि मनगट न सोडता दुसऱ्या हातानं रिक्षा थांबवली. "दवाखान्यात घ्या."