उसना ताण

तुळशीला पाणी घालून कुमुदताई नळी घेऊन बसल्या. नवऱ्याच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक रोज आपल्या अंगात घ्यायचं, हे व्रत त्यांनी त्याच्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर धरलं होतं. शरदराव सुधारले, कुमुदताईंची हाडं ठिसूळ झाली, पायाची जखम भरेना. ज्याच्यासाठी व्रत, त्याने 'पुरे' म्हटल्याशिवाय ते सोडायचं नाही, असा त्यांचा नेम.

"अहो, आता पुरे म्हणा ना. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर मी दिवाळी बघणार नाही."

"तू म्हणजे ना! उगाच घाबरतेस. मी बघ कसा निवांत," शरदरावांनी हसत मनगट पुढे केलं.

पूर्वी त्या नुसत्या शिंकल्या तरी ते दवाखाना गाठायचे. आता त्यांच्या चेहऱ्यावर काळजी शोधूनही सापडेना. ती रोज थोडी थोडी कुमुदताईंनीच काढून घेतली होती.